वळणांचे फोटो

"तात्या, गिरणीचा फोटो कशाला काढाय लागलाईसा?" पिठाचे हात झटकत केरबा गिरणीवाला बाहेर आला.

"हितनं डावीकडं वळायचं असतंय," आकाराम म्हणाला. "अंबूला कळाय पायजे."

केरबानं अंबूबाईकडं पाहिलं. नवऱ्याशेजारी उभी राहून ती स्वेटरची बटणं लावत होती आणि प्रत्येक बटण चुकीच्या काजात जात होतं. पाटी नीट दिसावी म्हणून केरबानं दारातली सायकल आत घेतली.

आकारामनं चाळीस वर्षं जळालेल्या विजेच्या मोटारींचं वायंडिंग, म्हणजे तारा नव्यानं गुंडाळायचं काम केलं होतं. बिघाड कुठं आहे ते सापडलं की पुढचं काम हातांचं, असा त्याचा अनुभव होता. दिवाळीनंतर अंबूबाई कपिलतीर्थ मंडईत कोथिंबीर आणायला गेली आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर सापडली. डॉक्टरांनी सांगितलं, विसर वाढतच जाणार, पण त्यांना कोंडून ठेवू नका, फिरवत राहा. मग आकारामनं कपाटातून लेकीचा जुना कॅमेरा काढला. मंडईपासून मंगळवार पेठेतल्या घरापर्यंत जेवढी वळणं, तेवढे फोटो काढायचे आणि छोटा अल्बम करून तिच्या पिशवीत ठेवायचा, असं त्यानं ठरवलं.

डिसेंबरभर कानाला मफलर बांधून दोघं रोज सकाळी बाहेर पडली. काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. एका कोपऱ्याचा फोटो तिनं हातात धरला आणि समोर बघत राहिली.

"ह्यात लाल गाडी हाय. हितं कुठाय?"

त्या दिवसापासून तो रस्ता मोकळा होईपर्यंत थांबायला लागला. टेम्पो हलेपर्यंत, दुधाचे कॅन उचलेपर्यंत. उद्या जागेवर नसेल असं काहीही फोटोत नको. एकेका वळणाला अर्धा अर्धा तास जायचा. ती कंटाळायची नाही. त्याच्या हातातली कॅमेऱ्याची पिशवी मागून घ्यायची आणि धरून उभी राहायची.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं तिला मंडईतून एकटीला पुढं सोडलं आणि स्वतः वीसेक पावलं मागं राहिला. प्रत्येक वळणावर ती थांबायची, अल्बम उघडायची, भिंत बघायची, पान उलटायची. गिरणीपाशी डावीकडं वळली. घराच्या पायरीवर चढून तिनं मागं बघितलं.

"आलो का न्हाय बराबर?"

"आलीस की," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं स्वतः शिरा केला.

चार दिवसांनी ती तशीच बिनचूक घरापर्यंत आली, शेवटचं पान दाराशी ताडून बघितलं आणि पायरीवर उभीच राहिली.

"आत चल की."

"दार बराबर हाय," ती म्हणाली. "पर मला घरला जायचंय."

"ह्येच घर हाय न्हवं, अंबू."

"ह्ये तुमचं. आमचं आजऱ्याला हाय."

स्टँडवर ती कशासाठी गेली होती, ते आकारामला तेव्हा कळलं. महिनाभर त्यानं जिथली वाट तयार केली, तिथं तिला यायचंच नव्हतं.

आजऱ्यातलं तिचं माहेर दहा वर्षांपूर्वी विकलं होतं. भावांबरोबर तिनंही सही केली होती. त्या जागी आता काजूचा कारखाना होता. एकदा डोळ्यांनी बघितलं की तिला पटेल, असं वाटून महिन्याच्या शेवटच्या रविवारी आकारामनं आजऱ्याची एसटी धरली.

उतरल्यावर तिनं पिशवीतला अल्बम काढलाच नाही. तरातरा चालायला लागली. कुठं थांबली नाही, कुणाला विचारलं नाही. कॅमेरा गळ्यात घेऊन तो मागं धापा टाकत होता. वाटेवरचा एकही फोटो काढायची गरज पडली नाही.

कारखान्याला सुट्टी होती. पत्र्याच्या निळ्या गेटला कुलूप होतं आणि भाजलेल्या काजूटरफलांचा उग्र वास येत होता. अंबूबाईनं पदर डोक्यावर घेतला, चपला काढून गेटाशी नीट जोडून ठेवल्या. आता तिला कळेल म्हणून तो वाट बघत उभा राहिला. ती त्याच्याकडं वळली. चेहरा इतका मोकळा त्यानं कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

"पावणं, लई लांबनं आलासा," ती म्हणाली. "बसा. चा टाकाय सांगतो."

आकारामनं इकडंतिकडं बघितलं. गेटाजवळच्या दगडावर तो टेकला.

"आई," तिनं पत्र्याच्या फटीतून हाक दिली, "पावणं आल्यात."

आत कुणी नव्हतं. तिनं पुन्हा हाक दिली, मग ओशाळून त्याच्याकडं पाहिलं.

"येईल इतक्यात. मागं गोठ्यात असंल."

"येऊ द्या की सावकाश," आकाराम म्हणाला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला काय गडबड न्हाय."