बंडूजीचं कोहळं

गाव देवाला विसरलंय, असं रूपराव दर रविवारी प्रार्थनाघरात उभा राहून सांगायचा. चौकात सट्टा, नाल्याकाठी दारू, आणि आता भाड्याचा व्हिडिओ आणून रात्रभर सिनेमे. देव सोडला की माणूस आधी लाज सोडतो, मग माया, आणि शेवटी त्याचा मळासुद्धा वाळतो, असं त्याचं म्हणणं. नाव तो कुणाचं घेत नसे. पण तिथल्या चार ख्रिस्ती घरांना बरोबर कळायचं, की रोख बंडूजीवर आहे.

बंडूजी त्याच्या शेजारचा मळेवाला. ना देवळात जायचा, ना प्रार्थनाघरात. आकडा लावायचा, पोळ्याला पिऊन यायचा. आणि एवढं करूनही सेलूच्या बाजारात त्याची वांगी आधी खपायची. रूपरावाची टोपली तशीच असायची. रूपराव जळायचा, पण ते त्याला स्वतःशीही कबूल नव्हतं. त्याला वाटायचं, आपण देवाच्या बाजूनं रागावलोय.

त्या वर्षी तर कहर झाला. हंगामाच्या सणाला जो तो मळ्यातलं पहिलं फळ वेदीपुढे ठेवी, आणि मधोमध कोहळं ठेवायचा मान वर्षानुवर्षं रूपरावाचा. यंदा त्याच्या वेलाची फुलं सडून गळाली. हाती लागलं नारळाएवढं एकच कोहळं. तिकडे बंडूजीच्या कुंपणाशी मात्र भरल्या घागरीएवढं कोहळं बसलं होतं. प्रार्थनेला जाणारी माणसं थांबून बघायची. रूपरावाची बायको गोपिका सहज म्हणाली, की बंडूजीच्या वेलाला कुणाची नजर न लागो. रूपराव ताटावरून उठला.

सणाच्या आधल्या आठवड्यात, बंडूजी दुपारी जेवायला गेला असताना, रूपरावानं कुंपण ओलांडलं आणि विळ्यानं वेल बुडाशी कापला. फळाला हात लावला नाही. तेवढ्यावरून आपण चोर नाही, अशी मनाची समजूत घातली. देवानं इतक्या वर्षांत जे केलं नाही, ते या भक्तानं एका झटक्यात उरकलं.

सणाच्या दिवशी पाळक प्रभाकररावांनी त्यालाच बोलायला सांगितलं होतं. वाचन होतं बायबलातल्या पहिल्या दोन भावांचं. धाकट्याचं अर्पण देवानं पसंत केलं, थोरल्याचं नाही, आणि जळफळून थोरल्यानं धाकट्याला शेतात गाठून मारलं. रूपराव उठणार, तोच दारात बंडूजी दिसला. खांद्यावर ते कोहळं. चपला बाहेर काढून तो आत आला आणि रूपरावाच्या एवढ्याशा कोहळ्याशेजारी त्यानं ते उतरवलं.

मातीकडची बाजू वर आली. तिच्यावर क्रूस होता, चांगला वीतभर. कोहळं कोवळं असतानाच मळेवाले नखानं त्यावर आपली खूण ओरखडतात. फळासोबत खूणही मोठी होते, म्हणजे चोरी झाली तर माल ओळखू येतो. बंडूजीची खूण सगळ्यांना माहीत होती, दोन आडव्या रेघा. क्रूस त्यानं पहिल्यांदाच काढला होता.

“तुमचे फुलं सडून राह्यले होते, तवाच हे तुमच्या देवासाठी राखलं,” बंडूजी हळूच म्हणाला. “तुमच्याच नावानं ठेवा, रूपरावभाऊ.”

गावाच्या पापांवर बोलायची सगळी तयारी रूपरावानं केली होती. त्यातला एक शब्द त्याला आठवेना.

“वेल म्या कापला,” तो म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं.

बंडूजी कोहळ्यावरची माती धोतराच्या सोग्यानं पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

“मालूम होतं मले. इळ्याचा काप आन् उंदराचा दात मले कळत नाई काय?”

“मंग आणलं काऊन?”

“निशाणी त्याच्या आधी केलती न.”