दादाने न लिहिलेलं

"हात धुऊन ये आधी," आई म्हणाली. "दारातूनच तेलाचा वास येतोय."

डोळे गेले, पण नाक शाबूत आहे तिचं. सकाळपासून एका इमारतीचा पंप उघडून बसलो होतो. सील गेलेलं, बेअरिंग गेलेलं, शेवटी माझी कंबरही गेली. हात धुतले, तिच्या खुर्चीपाशी स्टूल ओढलं आणि मोबाइल उघडला. दुपारचं जेवण उरकलं की ही माझी दुसरी ड्युटी.

"काय लिहिलंय आज थोरल्याने?"

थोरला म्हणजे माझा दादा. लांब असतो, मोठ्या हुद्द्यावर. दोन वर्षांपूर्वी त्याने घरच्यांपुरता ब्लॉग काढला. पासवर्ड असल्याशिवाय कोणाला दिसत नाही. घरातल्या आठवणी एका जागी राहाव्यात, म्हणाला. बाबांची सायकल, आजीचं घोरणं, झकास लिहायचा. मी वाचून दाखवायचो आणि आई रात्री दोन घास जास्त जेवायची. मग दादाच्या मागे कामं लागली. आठ महिने झाले, एक ओळ नाही.

पहिले चार दिवस मी खरं ते सांगितलं. पाचव्या दिवशी तिने रात्रीचं ताट सरकवलं. "विसरला आपल्याला," म्हणाली. मग मी जुन्याच पानाकडे बघत नवं वाचायला लागलो.

थापा मारायची सवय आहेच. 'उद्या सकाळी येतो' हे मी गिऱ्हाइकांना अडतीस वर्षं सांगत आलोय. पण दादाच्या आठवणी लवकर संपल्या. सोळाव्या वर्षी शिकायला गेला तो गेलाच, पुढचं त्याच्याकडे कुठून असणार? म्हणून माझं घालत गेलो. बाबांच्या शेवटच्या दुखण्यातली जागरणं, आईच्या डोळ्यांसाठी घातलेले हेलपाटे. वाचताना 'मी' म्हणायचो, आणि आठवणींची सरमिसळ व्हायला लागलेल्या आईच्या लेखी तो मी म्हणजे दादा.

एक दिवस ती शेजारच्या बाईंना सांगत होती, "बारक्या असतो जवळ, पण ह्यांचं दुखणं काढलं ते थोरल्यानेच."

बारक्या म्हणजे मी. वय छप्पन्न.

लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण तक्रार कोणाकडे करणार? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतलेला.

गेल्या आठवड्यात तर काहीच सुचेना. मग राखून ठेवलेली गोष्ट काढली. आईला न्यूमोनिया झाला होता, तापात कोण काय कळत नव्हतं, रस्त्यावर मांडीभर पाणी, गाडी मिळेना. मी अठरा वर्षांचा, नुकताच पंपाच्या कामाला लागलेला. तसाच कामाच्या कपड्यांवर तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. ही गोष्ट मला द्यायची नव्हती. तीही दिली.

आई रडली. "आत्ताच्या आत्ता लिही त्याला," म्हणाली. "तुझ्या पाठीवर मी जगले, असं लिही."

एरवी तिने काही लिहायला सांगितलं की मी पडद्यावर नुसतं टकटक करायचो. त्या दिवशी तिचा हात माझ्या मनगटावर होता. फसवायला जीव होईना. खरंच लिहिलं, आणि पाठवलंही.

संध्याकाळी दादाचा फोन.

"कसली पाठ रे? मी तेव्हा होस्टेलला होतो. तू नेलं होतंस तिला."

"हो."

"मग हे काय आहे?"

सगळं सांगितलं.

"मला आधी का नाही बोललास?"

"तू कामात असतोस."

"खरं काय ते मी लिहितो. तिला वाचून दाखव. शब्द न् शब्द."

आणि आज पडद्यावर खरोखरच नवं लिहिलेलं होतं. मी घसा खाकरला.

"'आई, त्या दिवशी मी तिथे नव्हतो. तुला पाठीवर बारक्याने नेलं. बाबांचं दुखणंही त्यानेच काढलं. मी नुसते फोन करत होतो. ज्याचं त्याला मिळावं, म्हणून लिहितोय.'"

निकालाच्या दिवशी शाळेत उभं राहावं तसा बसलो होतो. आईचा चेहरा हळूहळू फुलला.

"बघितलंस?" ती म्हणाली. "सगळं तुझ्या पदरात टाकून मोकळा झाला. लहानपणापासून असाच आहे तो. स्वतःकडे म्हणून काही ठेवायचा नाही."

"अगं आई, खरंच तो…"

"खरंच मोठ्या मनाचा. शिक जरा त्याच्याकडून."

मी मोबाइल खिशात टाकला. हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग जे आलं ते गिळलं.

तिची आडवं व्हायची वेळ झाली होती. पाय आता साथ देत नाहीत. मी पाठमोरा वाकलो, तिचे हात रोजच्यासारखे गळ्यात पडले, उचललं. शर्ट बदलायचा राहूनच गेला होता. तिने गाल माझ्या पाठीला टेकवला.

"त्या दिवशीची पाठ अजून आठवते मला," ती म्हणाली. "थोरल्याची. अशीच होती. तेलाचा वास येणारी."

"हो," मी म्हणालो आणि तिला अलगद खाटेवर टेकवलं.