आंब्याचा जामीन

सुजित सासुरवाडीला चार दिवसांसाठी आला, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. नवी मुंबईतली कंपनी बंद पडली, भाड्याची खोली सुटली, आणि बायको पूनमला घेऊन तो मुरुडजवळच्या या गावात आला. सासूबाई, सगुणाबाई, त्याला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या परसातल्या आंब्याला बोलत. इतकी वर्षं पोसला, नुसता उभा राहतो, असं आंब्याला सांगताना त्यांचा आवाज ओटीपर्यंत येई. लेकी बोले सुने लागे, ही म्हण जावयालाही लागते हे सुजितला तिथे कळलं.

यंदा माघात त्यांनी जुना तोडगा काढला. न फळणाऱ्या झाडाला एकाने कोयता दाखवायचा, दुसऱ्याने मध्ये पडून जामीन राहायचं. झाड धसका घेतं आणि मोहोरतं. कोयता सगुणाबाईंनी घेतला. घरात दुसरा पुरुष नव्हता, म्हणून जामीन सुजित.

काम दोन वाक्यांचं होतं. पण सुजित बोलतच सुटला. त्याला थोडा वेळ द्या, तो आळशी नाही, नव्या जागी जम बसायला वेळ लागतो, परवाच दिघीच्या बंदरावर कामाचं विचारून आलाय. बंदराचं नाव निघालं तशी पूनम तोंड फिरवून आत गेली. सगुणाबाईंनी कोयता खाली केला.

पुढे फांद्यांच्या टोकांना कोंबांचे डोळे फुगले. सुजित उठला की आधी झाडाखाली जाई. मोहोर आला तर आपलंही काहीतरी होईल, असं त्याने मनात धरलं. शिकलेल्या माणसाने असं धरू नये, पण गरजवंताला अक्कल नसते. मग एका सकाळी डोळे उमलले. तांबूस, लुसलुशीत पानं, शेंड्यापर्यंत नुसती पालवी. मोहोराची एक काडी नाही.

सुजितला रडू आलं. तो आत जाऊन पिशवी भरू लागला. सगुणाबाई दारात आल्या.

"कुठं निघालात, सुजितराव?"

"आंबा मोहोरला नाही, आई."

"बघितला मी. जामीन कोण व्हता?"

"मी."

"मग जामीनच पळाला, तर मला कोयता खराच चालवाया लागंल. यंदा पानं आली, पुढल्या साली बघू. ती पिशवी ठेवा न् जेवाया बसा."