शालीखालचा बाण

खरवईच्या शाळेत कॉम्प्युटर लॅबच्या दारात चपलांचा खच पडला होता. सोमवारी नववीची प्रॅक्टिकल, आणि ज्याच्या जोरावर बाकीची सगळी मशीनं चालतात ते सरांचं लिनक्सचं मशीन काळंठिक्कर!

वांगणीच्या हरिचंद्रबाबांनी मॉनिटर-कीबोर्डवर जरीची शाल पांघरली, उदी फुंकली, मशीन बंद करून परत चालू करायला लावलं आणि हात आत घातला. "बाहेरची बाधा, बाहेर हो! फट्!"

शाल ओढली. पडदा लख्ख! टाळ्याच टाळ्या.

"बंद केलं की बाधा परत येणार. मग मला बोलवा," बाबांनी बजावलं.

नववीतल्या जिज्ञासाचं टाळकं सटकलं. ही तिसरी वेळ! "सर, शालीखाली हे करतात काय, ते तरी बघा ना!"

"गप गं. चालू झालं ना?" दिनानाथ सर खेकसले.

"पोरी, तोंड आवर," शिपाई कौसाबाई कुजबुजल्या. "शाप लागंल."

सांगून सांगून थकलेल्या जिज्ञासाने सरळ बटण दाबून मशीन बंद केलं, परत चालू केलं. पडद्यावर क्षणभर दोन ओळी आल्या. तिने खालचा बाण दाबला, मग एंटर. पडदा लख्ख!

"वरची ओळ नव्या अपडेटची, बिघडलेली. खालची जुनी, धडधाकट. बाबा नुसते एक पायरी खाली उतरतात!"

"कोणी शिकवलं तुला हे?" बाबा गुरकावले.

"पडद्यावर लिहिलंय, बाबा. मला वाचता येतं."

"पण नवी का बिघडते?" सरांचा आवाज नरमला.

तिने सेटिंग उघडली. अपडेट दोन कोठारांतून येत होते. एक सिस्टिमचं स्वतःचं, दुसरं सरांनी व्हिडिओसाठी जोडलेलं बाहेरचं. एकच वस्तू दोन्हीकडे असली तर कोणाची घ्यायची, ते प्रत्येक कोठाराच्या नावापुढच्या आकड्यावर ठरायचं.

"घरच्याला नव्व्याण्णव, बाहेरच्याला एक? हे आकडे तुम्ही दिलेत?"

"मग? घरच्याला जास्त मान नको?"

"अहो सर, हे पेपरातले मार्क नाहीत! ही रांग आहे. एकवाला पहिला, नव्व्याण्णववाला पार मागे. म्हणून दर वेळी बाहेरचाच माल आत घुसतो!"

आकड्यांची अदलाबदल झाली. बाहेरून आलेली बिघडलेली आवृत्ती काढून टाकली. मशीन तीनदा बंद, तीनदा चालू. बाण नाही, उदी नाही, तरी लख्ख! सोमवारची परीक्षा वाचली.

"माझ्या उदीचा असर उशिरा होतो," बाबा शालीची घडी घालत म्हणाले.

आणि दोघं-तिघं पुन्हा पाया पडायला वाकलेच! जिज्ञासाने कपाळावर हात मारला.

"अहो, चालू झालं एवढ्यावर खूश होऊ नका. कसं झालं ते विचारा! आणि जो विचारू देत नाही, त्याची शाल आधी उचला."

पहिला हात पुढे केला तो कौसाबाईंनी. "बाबा, द्या बरं ती शाल हिकडं."