जात्यावरचं नाव

जमनाबाईंनी भाजलेल्या गव्हाची मूठ जात्यात सोडली आणि खुंटा फिरवला. मुलाच्या प्रवासासाठी सातूचं पीठ चाललं होतं. मुंबईहून परतलेला मुलगा मागे दारातच उभा होता. पायातल्या चपला काढायचंही त्याला सुचत नव्हतं.

'समिंदरपार जाई मन्हा गिरधर मास्तर,
परका पोरेसले दी इद्यानं अक्षर...'

ही ओवी आता अर्ध्या ब्राह्मणपुरी गावाला पाठ होती. गिरधर शहाद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. इथिओपियातल्या शाळांसाठी इकडून मास्तर नेणार असं कळलं, तो मुंबईला मुलाखतीला निघाला, आणि जमनाबाईंनी त्याला जात्यावरच्या ओवीत बसवून समुद्रापार पोचवूनही दिलं. तिकडे भाकर कोण थापणार मास्तरला, म्हणून शेजारणींनी चिडवलं, तेव्हापासून हे सातू.

मुंबईत बाकावरच्या उमेदवारांत कुजबूज होती, की घरी इंग्रजी बोलणाऱ्यांनाच घेतात. आत इथिओपियाहून आलेल्या वयस्क साहेबांनी कागद बाजूला सारले आणि विचारलं, लहानपणी आई काय गायची? गिरधरने वाचनमालेतली एक इंग्रजी कविता म्हणून दाखवली. आमच्या घरी सगळं इंग्रजीतच चालतं, हेही वर सांगितलं.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, आमची पोरं आईच्या बोलीतून उठून शाळेत येतात आणि इंग्रजीपुढे बिचकतात. ती वाट स्वतः चाललेला माणूस आम्ही शोधतो आहोत. तुम्हाला ती चालावीच लागली नाही. एवढं बोलून त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

जमनाबाईंनी मान वळवली.

"उना का भाऊ? काय इचारं साहेबनी?"

"तुन्हंच इचारं."

"मन्हं?" त्या पदर तोंडाशी धरून हसल्या. "मन्हं काय इचारानं?"

"माय काय गास, म्हने."

"मंग? म्हनी दखाडी का तू?"

गिरधर चपला काढून आत आला, जात्यापलीकडे बसला आणि त्याने खुंट्याला हात घातला.

"सोड. माणसेसनं काम नही ते."

त्याने सोडला नाही. त्याची नजर पिठावरच होती. जमनाबाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याच्या हाताशेजारी त्यांनी आपला हात ठेवला. जातं जड फिरू लागलं, आणि त्या अगदी हलक्या आवाजात गाऊ लागल्या,

'आपला गावमा ऱ्हाई मन्हा गिरधर मास्तर...'