सटवाचा कोरा दगड

धारूरच्या शाळेत मी जन्मभर पोरांना शुद्ध मराठी शिकवली. पण राग आला की माझ्या तोंडातून गावाकडचीच भाषा निघती, आणि सध्या मला राग आलेला हाय. तवा कुणी माझ्या चुका काढत बसू नका.

आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. वरच्या माळावर दगडांची एक रांग हाय. पटकीचे दगड म्हणतात त्यांना. निजामाच्या काळात गावात पटकीची साथ आलती. सकाळी धडधाकट असलेला माणूस उलट्या-जुलाबानं दिवेलागणीपर्यंत गार पडायचा. ज्यांच्याकडं बैलगाड्या होत्या ते बायकापोरं घेऊन पळाले. सगळ्यात आधी पळाले ते आमच्या गावचे आताचे पुढारी मोहनराव पाटील, त्यांच्या घराण्यातले लोक. हे मी मनचं सांगत न्हाई, सगळ्या गावाला ठाऊक हाय.

मागं राहिली आजारी माणसं, आणि गावाची वेस राखणारा वेसकर सटवा महार आणि त्याची बायको बायना. सटवा म्हणजे माझ्या बापाचा आजा. सरणाला लाकूड पुरेना, तवा त्यानं मेलेल्यांना पुरायला सुरुवात केली. ज्यांच्या अंगणात त्याला पाय ठेवता येत नव्हता, त्यांना त्यानं स्वतःच्या खांद्यावर माळावर नेलं. आणि गाव परत आल्यावर ज्याला त्याला आपला माणूस सापडावा म्हणून प्रत्येकाच्या उशाला दगड रोवला. सटवाला अक्षर येत नव्हतं, पण जात्याला टाकी लावायचं काम तो करायचा. म्हणून प्रत्येक दगडावर त्यानं टाकीनं एकेक खूण काढली.

कासारणीच्या दगडावर बांगड्या. ही बाई बायनाला लांबून का होईना पण हसून बांगड्या द्यायची, म्हणून तिच्या मातीत सटवानं मूठभर हिरव्या बांगड्या टाकल्या. तेल्याच्या दगडावर घाणा. तो तेली इतका चिकट होता म्हणे, की शेवटच्या उलटीला बी 'माझा बैल कुणाला देऊ नका' म्हणत होता. एका दगडावर नुसत्या मुंडावळ्या, ती पोरगी लग्न होऊन नुकतीच गावात आलती आणि तिचं नाव बी कुणाला नीट ठाऊक नव्हतं. आणि एक दगड दोन भावांचा. दोघं जन्मभर बांधावरून भांडले. सटवानं दोघांना शेजारी शेजारी निजवलं, वर एकच दगड लावला आणि त्याच्या मधोमध एक रेघ ओढली. म्हणजे मेल्यावर बी बांध शाबूत. माझा बाप हे सांगताना पोट धरून हसायचा.

शेवटी सटवाच पडला. बायनानं एकटीनं खड्डा खणला, एकटीनं माती लोटली. नवऱ्याचीच टाकी घेऊन त्याच्या दगडावर घुंगराची काठी काढली. वेसकराची खूण ती.

आता तुम्ही म्हणाल, खूण हाय तर मग भांडण कशाचं? सांगते. माझ्या बापाचं नाव शहादेव. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तवा ऐन पंचविशीत होता. घरातले देव नदीत सोडले, मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं, आणि एक दिवस टाकी-हातोडा घेऊन माळावर गेला आणि आज्याच्या दगडावरची काठी त्यानं तासून काढली. "ही काठी म्हंजी आपली गुलामी. माझा आजा गुलामाची खूण उशाला घेऊन पडलेला मला बघवत न्हाई," म्हणाला. त्या जागी त्याला नाव कोरायचं होतं. पण नाव कोरायला बसला तवा गावानं त्याचा हात धरला. महाराचं नाव गावाच्या दगडावर? दगड तसाच राहिला. खूण गेली आणि नाव आलं न्हाई.

तवापासून दर धम्मचक्र दिनाला बाप मला आणि माझा धाकटा भाऊ पंडित याला माळावर न्यायचा. शेंदूर न्हाई, नारळ न्हाई, नुसती जागा झाडायची आणि गोष्ट सांगायची. सांगून झाली की आमच्याकडून म्हणून घ्यायचा. "दगडावर नसंल तर नसंल. तुमा दोघांच्या तोंडात सटवा ऱ्हाईल," म्हणायचा. बाप गेल्यावर ते काम आम्ही दोघं करत आलो. मी धारूरहून जायची, पंडित गावातच होता.

गेल्या पावसाळ्यात पंडितचा फोन आला. आवाज आनंदानं थरथरत होता.

"आक्का, मोहनरावांनी माळासाठी निधी आणलाय. दगडांना कंपाउंड, फरशी, आन् दगडादगडापुढं बोर्ड लागणार हाय. कोण होतं, कसं मेलं, समदं."

"सटवाचा बी?"

"आगं म्हंजी काय! त्याच्याबिगर रांग कशाची?"

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच रडले. खोटं कशाला बोलू, सुखानं रडले. ज्या माणसासाठी माझ्या बापाचा हात गावानं धरला, त्याचं नाव तेच गाव लावणार होतं. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून गावात गेले. दिवसभर रांगेतून फिरून एकेक माणूस सांगितला आणि पंडितनं मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलं. तो कुठं अडखळला की मीच म्हणायची, "तसं न्हाई रे, आबा असं म्हणायचे." बापाचा शब्दन् शब्द त्याच्या तोंडी बसवला.

त्याच वर्षी सरपंचपद आमच्या लोकांसाठी राखीव सुटलं होतं. पंडितला उभं राहायचं होतं आणि मोहनरावांच्या पॅनलशिवाय आमच्या गावात कुत्रं बी निवडून येत न्हाई. हे मला ठाऊक होतं. पण भाऊ सरपंच होईल म्हणून मला आनंदच होता. दोन्हीचा एकमेकांशी संबंध असेल असं मनात आलं नाही.

उद्घाटनाला मी पांढरी साडी नेसून गेले. माळावर मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. बोर्ड पिवळ्या फडक्यांनी झाकलेले. पुढच्या रांगेत मला जागा ठेवलेली, शेजारी जाईबाई कासारीण. बांगड्यांच्या दगडाखाली तिच्याच घरातली बाई. जाईबाईनं माझा हात हातात घेतला आणि सोडलाच न्हाई. मला वाटलं, म्हातारीला भरून आलं असंल.

पंडितला माईक दिला. बोलायला तो पहिल्यापासून पटाईत. कासारीण सांगितली, तेली सांगितला, लोक खळखळून हसले. मुंडावळ्यांच्या पोरीला बायांनी डोळ्याला पदर लावला. अगदी बापाचा आवाज, बापाचे थांबे. माझा ऊर भरून आला. मग तो कोऱ्या दगडापाशी गेला.

"समदं गाव पळालं," पंडित म्हणाला, "पण एक माणूस मागं ऱ्हायला. स्वतःच्या हातानं त्यानं गाव पुरलं. जात बघितली न्हाई, पात बघितली न्हाई. आन् शेवटाला तोच पडला. मोहनरावांचे पणजोबा, भगवंतराव पाटील!"

फडकं खाली आलं. बोर्डावर तेच नाव. टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी बोर्ड पुन्हा वाचला. शिकलेली बाई मी, एक ओळ दोनदा वाचली.

पंडित पुढं म्हणाला, "त्यांना स्वतःचं कौतुक नको व्हतं. म्हणून त्यांनी सांगितलं, माझा दगड कोराच ठेवा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या बापाच्या टाकीचे घाव त्या दगडावर अजून दिसत होते, आणि हा त्याला पाटलाचा मोठेपणा म्हणत होता! मी उठले. जाईबाईनं पदर ओढला. "बस गं वनिता, बस गप." तवा मला कळलं, म्हातारीला आधीच ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"तो दगड सटवाचा हाय," मी ओरडले. "माझ्या पणजाचा. भगवंतराव गाडी जुंपून पळाले होते."

मोहनराव चिडले न्हाईत. ते कधी चिडत न्हाईत, तीच त्यांची कला. हात जोडून हसत म्हणाले, "बाई, तुमी आमच्या गावच्या लेक. तुमचा मान मोठा. पन त्या दगडावर तशी काही खूण हाय का?"

"होती. माझ्या बापानं तासून काढली."

"कावून?"

"गुलामीची खूण होती म्हणून."

मागं कुजबुज सुरू झाली. मोहनरावांनी मान हलवली, जणू त्यांना लई वाईट वाटलं. "म्हंजी आमच्या पणजोबाच्या दगडाला तुमच्या वडलांनी टाकी मारली म्हना की. एवडी मोठी गोष्ट. ऱ्हाऊ द्या, मी काही त्याचा बाऊ करत न्हाई. पन आपन भांडायचं कशाला? तुमच्याच घरातला मानूस हितं उभा हाय. पंडित, तूच सांग. या दगडाखाली तुमच्या घरातलं कुनी हाय का?"

माईक पंडितच्या हातातच होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघून मान हलवली, वर्गात अडखळलेल्या पोराला धीर द्यावा तशी. देवाशपथ सांगते — आमच्यात देव न्हाई, पण तोंडात शब्द बसलाय — त्या घडीला सुद्धा मला वाटत होतं की माझा भाऊ खरं बोलेल.

"न्हाई," पंडित म्हणाला. "आमच्या घरातलं कुनी न्हाई तिथं. आन् आमच्या वडलांनी कुठल्या दगडाला हात लावला न्हाई. आक्काचं वय झालंय. तिचा काही तरी घोटाळा होतोय."

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी खाली बघितलं. ज्यांची माणसं सटवानं खांद्यावर वाहिली, त्या तेल्याचे, कासारांचे, बांधवाल्या भावांचे नातू-पणतू, सगळे आपापल्या चपला बघत बसले. मग बँड सुरू झाला आणि बुंदीचे द्रोण फिरायला लागले.

मी मांडवातून बाहेर पडले आणि रस्त्याकडं चालू लागले. पंडित मागनं धावत आला. गळ्यात हार तसाच.

"आक्का, थांब की. ऐकून तर घे."

"केसानं गळा कापलास माझा. आता काय ऐकू?"

"मी तुला वाचवलं. वडलांनी टाकी मारली म्हनून तू भर मांडवात सांगितलंस. उद्या त्यावरून गावात काय झालं असतं, हाय का कल्पना? आपली समदी घरं गावाच्या तोंडावर हायेत. तू जातीस धारूरला. ऱ्हातो आमी हितं."

हे खोटं नव्हतं. तेच मला जास्त झोंबलं. निव्वळ खोटं असतं तर थोबाडीत मारून मोकळी झाले असते.

"बोर्ड तू मांडवात बनवलास का रे?" मी म्हणाले. "तो तर चांगला महिनाभर आधी रंगवला असंल. माझ्याकडून बापाचा शब्दन् शब्द घेतलास तवा ठाऊक होतं तुला?"

तो हाराची फुलं चिवडत राहिला.

"ठाऊक होतं का, ते सांग."

"व्हतं," तो म्हणाला. "पन आक्का, सटवा मरून गेला. त्याला काय फरक पडतोय? मी सरपंच झालो तर आपल्या वस्तीत नळ येईल, रस्ता होईल. एकदा खुर्ची हातात येऊ दे. मग मी स्वतः तो बोर्ड बदलतो. तुझ्या गळ्याची आन."

"माझ्या गळ्याची आण घेऊ नकोस. तो आधीच कापलाय."

नांदूरघाटकडं जाणारी काळी-पिवळी जीप येताना दिसली. मी हात केला. पंडितनं माझी पिशवी धरली, लहानपणी मी शाळेला निघाले की धरायचा तशी. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, ते बी खरं होतं. मला दया आली आणि दयेचाच राग आला.

"घरी चल, आक्का. जेवून जा. असं उपाशी नको जाऊस. लोक काय म्हनतील?"

जीप थांबली. मी पिशवी त्याच्या हातातून सोडवली.

"कुणाच्या घरी येऊ?" मी म्हणाले. "सटवा तुझ्या घरातला न्हाई असं तू समद्या गावाला सांगितलंस. मग मी बी तुझ्या घरातली न्हाई, पंडित. मी सटवाच्या घरातली हाय."

ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, बसता का?" मी बसले. मांडवातून कुणीतरी माईकवर पंडितचं नाव पुकारत होतं, सत्कारासाठी. तो थोडा वेळ रस्त्यात उभा राहिला. मग हार सारखा केला आणि वर माळाकडं गेला.