पाऊण मिनिटाचे आयुष्य

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, ओरखड्यांनी भरलेली, आणि आता फार थकलेली. बसा जरा. माझी कहाणी लांबलचक नाही. माझे जवळजवळ सगळे आयुष्य पाऊण मिनिटातच गेले.

एका कारखान्यात काळा, ऊन ऊन गोळा दोन साच्यांमध्ये दाबला, कडा कापल्या, आणि मी जन्मले. माझ्या अंगावर केसाएवढी बारीक रेघ उमटली होती. त्या रेघेत एकोणीस वर्षांच्या एका मुलीची गाणी होती. तिची ही पहिलीच तबकडी. सुरुवातीला पाऊण मिनिट नुसते व्हायोलिन, एकच लांब, सरळ सूर. मग ती गायला लागायची. संगीतकाराला स्वतःचे व्हायोलिन फार आवडत असावे.

आमच्यातली एकही धड खपली नाही. "कोण ही पोरगी?" म्हणत दुकानदार आम्हाला खालच्या फळीवर सरकवत. गोदामातल्या ओलीने माझे वेष्टन कुजले आणि एके दिवशी आमचा गठ्ठाच्या गठ्ठा वजनावर गेला.

त्यातून मला एकटीला उचलले मिस्त्रींनी. रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. दुरुस्त केलेले यंत्र नीट फिरते का, हे पाहायला त्यांना खराब झाली तरी चालेल अशी एक तबकडी हवी होती. माझा तो लांब सूर त्यांना सोयीचा वाटला. सूर डगमगला की समजायचे, पट्टा सैल आहे. त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंच्या नावावर कागदी चिकटपट्टी लावली, तिच्यावर 'चाचणी' असे लिहिले आणि मला टेबलामागच्या खिळ्याला अडकवले.

त्यानंतर बावीस वर्षे मी कामाला जुंपलेली होते. दिवसातून आठ-दहा वेळा सुई टेकायची, व्हायोलिन वाजायचे. मिस्त्री मान तिरकी करून ऐकायचे, "चालतंय" म्हणायचे आणि सुई उचलायचे. उचलायचे तेही नेमके कधी, तर माझ्यातली मुलगी गाण्याआधीचा श्वास घ्यायची तेव्हा. तोंडाशी आलेला घास रोज असा काढून घेतला, तर काही वर्षांनी भूकसुद्धा दमते.

खरी गंमत तर पुढेच आहे. मिस्त्री ज्या गायिकेसाठी वेडे होते, ती हीच मुलगी. पुढे तिचे लग्न झाले, ती नव्या आडनावाने गाऊ लागली आणि फार मोठी झाली. तिच्या तबकड्या मिस्त्रींनी काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. पहिल्यापासूनची एकही आपल्याकडून सुटलेली नाही, असे ते गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत. मी खिळ्यावरून ऐकत असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! आधी मला राग यायचा. मग रागाचाही कंटाळा आला.

हळूहळू व्हायोलिन झिजले आणि सुई अडखळू लागली. मिस्त्रींनी खास चाचणीसाठी बनवलेली नवी तबकडी मागवली. कानामागून आली आणि तिखट झाली. "आजचा दिवस हिच्यावर काढू," मला हातात घेऊन ते म्हणाले, "उद्या भंगारात देऊन टाकतो." मला वाईट वाटले ते मरणाचे नाही. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी सुई उचलायला विसरावे, एवढेच मनात आले.

त्या दुपारी मावशी आल्या. मावशी म्हणजे समोरच्या रस्त्यावर कपडे शिवणाऱ्या बाई. दुरुस्तीला दिलेला त्यांचा रेकॉर्ड प्लेअर तयार होता. मिस्त्रींनी त्यावर मला लावले आणि तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. आवाज नीट येईना म्हणून ते बाहेर पायरीवर गेले. मावशींना सुई उचलायचे काही कारण नव्हते. व्हायोलिन खरखरले, दोनदा अडखळले आणि संपले. मुलीने श्वास घेतला, आणि ती गायली.

मिस्त्री धावत दारात आले. फोनमध्ये भाऊ "हॅलो, हॅलो" करत होता.

"हा तिचा आवाज आहे," ते म्हणाले.

"मग? रेकॉर्ड तुमचीच ना?" मावशींना काही उलगडेना.

त्यांनी माझी पहिली बाजू ऐकली. मग दुसरी, जिला कधीच सुई लागली नव्हती. नंतर मिस्त्रींनी नखाने चिकटपट्टी खरवडली. खाली तिचे नाव होते, माहेरच्या आडनावासकट.

"बावीस वर्षं मीच हिला गप्प करत होतो, मावशी," असे म्हणून ते खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरले होते.

तुम्हाला वाटेल, झाले, पांग फिटले. कुठले काय! मिस्त्रींनी मला पुसले, नवे वेष्टन चढवले आणि काचेच्या कपाटात सगळ्यांत पुढे ठेवून कुलूप लावले. आता लोक मला बघायला येतात. मिस्त्री माझी गोष्ट छान रंगवून सांगतात, पण गाणे कोणालाच ऐकवत नाहीत. पूर्वी पाऊण मिनिट तरी सुई टेकायची. आता तेही नाही.

परवा मावशी आल्या होत्या. ती रेकॉर्ड एकदा लावा, म्हणाल्या.

"झिजेल हो," मिस्त्री म्हणाले.

"झिजू दे की. घालून घालून विरतील म्हणून मी काय कपडे शिवायचेच नाहीत?"

मिस्त्रींनी खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. तेव्हापासून ती तिथेच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. आणि कोणाचे पहिले दोन शब्द ऐकून "कळलं, कळलं" म्हणत उठू नका. थोडे थांबा. कदाचित त्याने बोलण्यासाठी आत्ता कुठे श्वास घेतला असेल.

मीही घेऊन ठेवला आहे. किल्ली मला इथून दिसते.